नागपूरचे रक्त आणि ‘सौम्य’ हा शब्द

१९५८ साली लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात दोन पानांचे एक टिपण प्रसिद्ध झाले. लेखक आर. एन. शुक्ला आणि बी. आर. सोलंकी; विषय मध्य भारतातील सिकलसेलचे वाहक; काम नागपूरच्या मेडिकल कॉलेजातले. त्याच वर्षी या दोघांनी ए. एस. परांडे यांच्यासह अमेरिकेतील ‘ब्लड’ या नियतकालिकात भारतातील सिकलसेल आजारावर अधिक विस्ताराने लिहिले.

नागपूरकर ज्याला आजही नुसते ‘मेडिकल’ म्हणतात, ते महाविद्यालय तेव्हा अवघे अकरा वर्षांचे होते. टिपणाच्या शीर्षकातला ‘मध्य भारत’ही लक्षात घेण्याजोगा आहे. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती. राज्यपुनर्रचनेने ती द्विभाषिक मुंबई राज्यात आली आणि महाराष्ट्र राज्य तर अजून दोन वर्षे दूर होते. राज्यांच्या सीमा अशा हलत असताना रक्तातली एक सीमा प्रथमच रेखाटली जात होती.

हा धागा त्या टिपणापासून सुरू होतो आणि पेशीविज्ञान, एपिजेनेटिक्स, गडचिरोलीची जंगले अशा वळणांनी पुन्हा नागपूरच्या बालरोग विभागात येतो. मध्ये एक शब्द सतत आडवा येतो : ‘सौम्य’.

आधी थोडी पूर्वपीठिका. १९०४ मध्ये कॅरिबियन बेटांतील ग्रेनाडा येथून वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यकाच्या शिक्षणासाठी शिकागोला आला. डिसेंबरात तो आजारी पडून रुग्णालयात दाखल झाला. तेथील शिकाऊ डॉक्टर अर्नेस्ट आयर्न्स याने त्याचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तेव्हा गोल, बशीसारख्या तांबड्या पेशींत काही लांबट, टोकदार, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ जेम्स हेरिक यांनी १९१० मध्ये हे वर्णन प्रसिद्ध केले. नोएल पदवी घेऊन मायदेशी परतला आणि १९१६ मध्ये वारला. विळ्याला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यावरून आजाराचे नाव पडले.

१९४९ मध्ये लायनस पाउलिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या रुग्णांचे हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळ्या गतीने सरकते. एखाद्या रोगाचे मूळ एका रेणूच्या घडणीत आहे, असे इतक्या स्पष्टपणे प्रथमच सिद्ध झाले. पुढे १९५६-५७ मध्ये केंब्रिजला व्हर्नन इन्ग्राम यांनी फरक नेमका कुठे आहे ते शोधले. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढेच. या एका बदलामुळे प्राणवायू सोडल्यावर हिमोग्लोबिनचे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या वळतात आणि त्या दोऱ्या पेशीला आतून ताणून विळ्याचा आकार देतात. अशा ताठर पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. रक्त पोहोचत नाही तिथे असह्य वेदना होते. पेशी लवकर फुटतात, म्हणून अशक्तपणा आणि कावीळ. प्लीहा लहानपणीच निकामी होऊ लागते, म्हणून जंतुसंसर्ग.

सदोष जनुक आई व वडील या दोघांकडून आले तर हा आजार. एकाकडूनच आले तर माणूस केवळ वाहक, बहुधा ठणठणीत.

त्या काळी सिकलसेल हा ‘आफ्रिकी वंशाचा’ आजार मानला जाई. अमेरिकेत तर या आजारावरून माणसाचा वंश ठरवण्यापर्यंत मजल गेली होती. या समजुतीला भारतातून धक्का बसला तो १९५२ मध्ये, आणि तोही देशाच्या दोन टोकांना. दक्षिणेत हर्मन लेहमान आणि मेरी कटबुश यांना निलगिरीच्या डोंगरांतील आदिवासींत विळ्याच्या पेशी सापडल्या. ईशान्येत, वरच्या आसामात, डनलॉप आणि मझुमदार यांना त्या चहामळ्यांवरील मजुरांत सापडल्या. हे मजूर मूळचे आसामचे नव्हते. इंग्रजी अमदानीत मळ्यांसाठी देशाच्या अंतर्भागातून जी कुटुंबे भरती करून नेली गेली, त्यांचे ते वंशज. कंत्राटी मजुरीच्या वाटेने जनुकही हजार-दीड हजार किलोमीटर चालत गेले होते आणि मूळ प्रदेशाच्या आधी त्याचा शोध परक्या प्रदेशात लागला.

लेहमान स्वतः नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडमध्ये आलेले. तरीही त्यांची पहिली मांडणी वंशांच्या भाषेतच होती. भारतातील ‘वेड्डिड’ म्हटल्या जाणाऱ्या प्राचीन लोकसमूहांशी या जनुकाचा संबंध असावा, असा त्यांचा कयास. मानववंशशास्त्रातली ती कप्पेबंद भाषा तेव्हा अगदी प्रतिष्ठित होती. नागपूरच्या टिपणाचे मोल याच संदर्भात कळते.

नागपुरात जे आढळले, ते या कप्प्यांत बसेना. शुक्ला आणि सोलंकी यांना सिकलसेल डोंगरदऱ्यांत राहणाऱ्या एखाद्या दूरच्या जमातीत नव्हे, तर शहरात आणि आसपासच्या गावांत राहणाऱ्या महार, कुणबी, तेली अशा समाजांत मिळाला. म्हणजे हा ‘आफ्रिकी’ आजार नव्हता, आणि केवळ ‘आदिवासी’ही नव्हता.

त्या काळची तपासणी कशी होत असे, हे जाणून घेण्यासारखे आहे. बोटाला टोचून काढलेला रक्ताचा एक थेंब काचपट्टीवर घ्यायचा, वर पातळ काच ठेवायची आणि हवा आत जाऊ नये म्हणून कडा व्हॅसलीनने बंद करायच्या. आतला प्राणवायू हळूहळू संपतो आणि सदोष हिमोग्लोबिन असेल तर पेशी वाकू लागतात. यासाठी कधी पूर्ण दिवस थांबावे लागे. १९४८ मध्ये सोडियम मेटाबायसल्फाइट वापरण्याची युक्ती निघाली. हे रसायन प्राणवायू झटपट शोषून घेते, त्यामुळे निकाल काही मिनिटांवर आला. फोटोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत आणि फळांच्या सरबतांच्या कारखान्यात वापरले जाणारे हे स्वस्त रसायन गावोगावच्या रक्ततपासणीचा आधार बनले. मात्र पेशी वाकल्या एवढे पाहून तो माणूस रुग्ण आहे की वाहक, हे सांगता येत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिन विद्युतक्षेत्रात सरकवून त्याचे पट्टे वेगळे करावे लागतात.

इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने एका तारखेपाशी थांबायला हवे. १४ ऑक्टोबर १९५६. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच नागपुरात लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. लॅन्सेटमधले टिपण आले तेव्हा या घटनेला दोन वर्षेही झाली नव्हती. एक मोठा समाज जन्माने चिकटलेली ओळख जाहीरपणे टाकून देत होता आणि नेमक्या त्याच वेळी, त्याच शहरात, विज्ञानाच्या तक्त्यात ती ओळख रक्ताच्या संदर्भात नव्याने नोंदवली जात होती. यात संशोधकांचा दोष काढणे अन्यायाचे होईल. आपसांतच विवाह करणाऱ्या समाजांत जनुकांचे प्रमाण वेगवेगळे राहते, आणि ते मोजायचे तर त्या समाजांची नावे घेणे भाग असते. पण तक्त्यातले नाव तक्त्यात राहत नाही. ‘अमुक जातीचा रोग’ ही भाषा पुढे विदर्भात रुजली आणि वरवरच्या जातीत जन्मलेल्या रुग्णाला ‘तुम्हांला हा कसा असेल?’ म्हणून तपासणीच न सुचवणे आणि इतरांनी लग्नाच्या बोलणीत तो लपवणे, अशी दुहेरी किंमत तिच्यापायी मोजावी लागली.

हे जनुक इतके टिकलेच का? उत्तर मलेरियात आहे. जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये थॅलसेमियाविषयी तसा तर्क मांडला होता आणि १९५४ मध्ये अँथनी अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत तो पुराव्यानिशी पुढे नेला. वाहकाला घातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते, त्यामुळे मलेरियाग्रस्त जंगलपट्ट्यात हे जनुक पिढ्यान्‌पिढ्या राखले जाते. विदर्भाचा पूर्व भाग हा असाच पट्टा. हाल्डेन स्वतः १९५७ मध्ये भारतात आले, पुढे इथले नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वरला वारले. ज्या ओडिशात त्यांची अखेर झाली, तोही सिकलसेलचा प्रदेश.

आता प्रयोगशाळेतली गोष्ट, जिच्याशिवाय ‘सौम्य’ या शब्दाचा उगम कळणार नाही.

१९४८ मध्ये ब्रुकलिनमधील जेनेट वॉटसन या डॉक्टरीणबाईंना एक साधी गोष्ट खटकली. सिकलसेल जनुक घेऊन जन्मलेल्या नवजात बालकांच्या रक्तात विळ्याच्या पेशी फारच थोड्या दिसतात. काही महिन्यांनी मात्र त्याच बालकांत त्या वाढतात. आजार जन्मजात आहे, तर जन्माच्या वेळी तो असतो कुठे? वॉटसन यांचा तर्क असा की गर्भात वेगळ्या प्रकारचे हिमोग्लोबिन असते आणि तेच बालकाला सांभाळते. तर्क खरा ठरला. गर्भीय हिमोग्लोबिनात बीटाऐवजी गॅमा साखळी असते, ती त्या चिकट दोऱ्यांत बसत नाही आणि त्यांची लांबी वाढू देत नाही. जन्मानंतर पहिल्या वर्षात शरीर गॅमाचे जनुक मिटवते आणि बीटाचे उघडते. संरक्षण ओसरते आणि आजार प्रकटतो.

म्हणजे गॅमाचे निर्दोष जनुक प्रत्येक रुग्णात आयुष्यभर जागेवर असते. ते फक्त मिटलेले असते.

जनुकाची अक्षरे न बदलता त्याचे उघडणे-मिटणे कसे ठरते, याचा अभ्यास म्हणजे एपिजेनेटिक्स, मराठीत अधिजनुकशास्त्र. हा शब्द कॉनरॅड वॉडिंग्टन यांनी १९४२ मध्ये वापरात आणला, तेव्हा जनुक कशाचे बनलेले असते यावरही एकमत नव्हते. पुढे कळले की डीएनएवर मिथाइल नावाचे चिमुकले रासायनिक गट बसवून किंवा डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो त्यांत फेरफार करून पेशी एखादे जनुक गप्प करते. १९८० च्या सुमारास हिमोग्लोबिनच्या जनुकांभोवतीही अशाच खुणा आढळल्या. गॅमा जिथे चालू, तिथे मिथाइल गट विरळ. जिथे बंद, तिथे दाट.

मग पुढचा प्रश्न ओघानेच आला. ही खूण पुसली तर?

१९८२ मध्ये शिकागोत जोसेफ डीसिमोन आणि सहकाऱ्यांनी बबून माकडांना ५-अझासायटिडिन हे मिथाइल खुणा पुसणारे औषध दिले आणि माकडांच्या रक्तातील गर्भीय हिमोग्लोबिन झपाट्याने वाढले. त्याच वर्षी टिमोथी ली आणि आर्थर निनहाउस यांनी तीव्र थॅलसेमियाच्या एका रुग्णात तोच प्रयोग केला. तिथेही मिटलेले जनुक बोलू लागले. मिटवलेले मानवी जनुक औषधाने जाणीवपूर्वक उघडण्याचा हा अगदी सुरुवातीचा प्रसंग.

लगेच वाद पेटला. सिएटलचे जॉर्ज स्टॅमॅटोयानोपूलोस यांनी १९७८ पासून या ‘हिमोग्लोबिनच्या अदलाबदली’वरच दर दोन वर्षांनी परिषदा भरवायला सुरुवात केली होती. अशा परिषदांत प्रश्न विचारला गेला : खुणा पुसल्यामुळे गॅमा उघडला, की औषधाच्या विषारीपणामुळे मज्जेतल्या पेशी मेल्या आणि घाईघाईने तयार होणाऱ्या नव्या पेशींनी गॅमा सोबत आणला? दुसरे खरे असेल, तर खुणा न पुसणारे पण पेशींचे विभाजन रोखणारे कोणतेही औषध तेच काम करील. ही शंका तपासण्यासाठी हायड्रॉक्सियुरिया निवडले गेले. १८६९ मध्ये जर्मनीत तयार झालेले आणि कर्करोगावर आधीपासून वापरात असलेले हे औषध १९८४ मध्ये आधी माकडांत आणि मग बोस्टनच्या ओरा प्लॅट यांनी सिकलसेलच्या रुग्णांत वापरले. गर्भीय हिमोग्लोबिन वाढले. वादात हरवण्यासाठी आणलेले औषधच उपचार ठरले. १९९५ मध्ये बाल्टिमोरचे सॅम्युएल चॅराश यांच्या नेतृत्वाखाली २९९ प्रौढ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष आले : वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर. लाभ इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्या मुदतीआधीच थांबवण्यात आली.

या साऱ्या धामधुमीत भारतीय रुग्ण कुठे होता? तर ‘सौम्य’ या कप्प्यात.

१९७२ मध्ये रिचर्ड पेरिन आणि सहकाऱ्यांनी पूर्व सौदी अरेबियातील रुग्णांवर लिहिले. त्यांच्यातला सिकलसेल आफ्रिकी वंशाच्या रुग्णांपेक्षा सुसह्य होता आणि रक्तात गर्भीय हिमोग्लोबिन भरपूर होते. १९८६ मध्ये ओडिशातील बुर्ला येथील बी. सी. कर यांनी जमैकातील ग्रॅहॅम सर्जंट यांच्यासह ओडिशा आणि जमैका येथील रुग्णांची तुलना केली. ओडिशात गर्भीय हिमोग्लोबिन जास्त, पायांवर चिघळणाऱ्या जखमा विरळ. त्याच वर्षी आंद्रेयास कुलोझिक आणि सहकाऱ्यांनी जनुकाच्या आजूबाजूची अक्षरे तपासून सांगितले की सौदी आणि भारतीय रुग्णांत ती सारखी आहेत, आफ्रिकेपेक्षा वेगळी आहेत. म्हणून आशियात हा बदल स्वतंत्रपणे घडला असावा. ही ‘अरब-भारतीय’ धाटणी. (२०१८ मध्ये डॅनियल श्राइनर आणि चार्ल्स रोटिमी यांनी पूर्ण जनुकसंचांच्या आधारे आफ्रिकेतील एकाच उगमाचा पक्ष मांडला आहे, तो वाद रंजक आहे, पण वेगळ्या धाग्याचा.) या धाटणीच्या रुग्णांत गर्भीय हिमोग्लोबिन सरासरी २० टक्क्यांच्या आसपास असते, आफ्रिकी वंशाच्या रुग्णांत ते बहुधा एक आकडी राहते.

यातले एकही निरीक्षण चुकीचे नव्हते. घोटाळा झाला तो त्यांच्या बेरजेत. सौदी अरेबिया आणि ओडिशा यांवरून ‘भारतीय सिकलसेल सौम्य असतो’ हे वाक्य तयार झाले आणि ग्रंथांतून ग्रंथांत उतरत गेले. जो बालपणीच, निदान होण्याआधी तापाने दगावला, तो कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत सिकलसेलचा रुग्ण म्हणून आलाच नाही, हेही त्या बेरजेत धरलेले नव्हते.

नागपूरच्या रुग्णांनी या वाक्याला सुरुंग लावला. मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेतील मालय मुखर्जी, रोशन कोला आदी संशोधकांनी दक्षिण गुजरातमधील वलसाडचे आदिवासी रुग्ण आणि नागपूरचे बिगर-आदिवासी रुग्ण यांची तुलना केली. त्यांचा लेख १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीकडे सिकलसेलची धाटणी तीच, अरब-भारतीय. दोन्हीकडे गर्भीय हिमोग्लोबिन चांगले. तरीही नागपूरचे रुग्ण अधिक गंभीर आजारी. एक मोठा फरक अल्फा-थॅलसेमियाचा निघाला. हा स्वतंत्र दोष हिमोग्लोबिनच्या दुसऱ्या साखळीचे उत्पादन कमी करतो. पेशीत एकूण हिमोग्लोबिन कमी भरते, म्हणून दोऱ्याही कमी वळल्या जातात. वलसाडच्या जवळजवळ सर्व रुग्णांना हा ‘उपकारक दोष’ लाभला होता, नागपुरात तो थोड्यांनाच होता. दोन समाज, एकच जनुक, सोबतीचे एक दुसरे जनुक आणि दोन वेगळी आयुष्ये. ‘भारतीय सिकलसेल’ अशी एकच वस्तू नव्हतीच.

दरम्यान गडचिरोलीत आणखी एक गोष्ट घडली होती. नागपूरच्याच मेडिकलमधून शिकलेले अभय आणि राणी बंग हे दांपत्य १९८० च्या दशकाच्या मध्यास तेथे गेले आणि त्यांनी ‘सर्च’ ही संस्था उभारली. त्यांच्या आरंभीच्या कामांपैकी एक होते जिल्ह्यातील सिकलसेलचे सर्वेक्षण. आजार मोठ्या प्रमाणावर असल्याचे आढळले, वृत्तपत्रांनी ते उचलून धरले आणि सरकारने संशोधन केंद्र मंजूर केले. पुण्यात! अभय बंग यांनी हा प्रसंग पुढे स्वतःच लिहून ठेवला आहे. त्यांच्या लेखी त्याचा अर्थ असा की सिकलसेल हा त्या वेळी संशोधकांचा प्रश्न होता, ज्यांचे रक्त घेतले त्यांचा नव्हे. लोकांना काय हवे ते विचारलेच नव्हते. त्यानंतर ‘सर्च’ने आपल्या कामाची दिशा लोकांशी बोलून ठरवायला सुरुवात केली. पुढे बालमृत्यूंवरच्या कामामुळे ती जगभर नावाजली गेली, तो इतिहास सर्वज्ञात आहे.

पुण्याचेही श्रेय इथे नोंदवायला हवे. तेथील एस. एल. काटे यांनी अनेक वर्षे महाराष्ट्रातील आदिवासी भाग पिंजून काढले. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर या समाजांत वाहकांचे प्रमाण २० ते ३५ टक्के आहे आणि गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, यवतमाळ व नंदुरबार या जिल्ह्यांत प्रत्येकी पाच हजारांवर रुग्ण असावेत, हा २००२ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आजही उद्धृत होतो.

नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचा बालरोग विभाग या काळात एका अडचणीत होता. परदेशात हायड्रॉक्सियुरिया रुजले होते; पण तिथली पद्धत अशी की मात्रा हळूहळू वाढवत न्यायची, रक्त सोसेल त्या कमाल पातळीपर्यंत, आणि त्यासाठी वारंवार रक्ततपासणी करायची. मेळघाटातून किंवा गडचिरोलीच्या आतल्या गावातून एसटी बदलत येणाऱ्या आईबापांना मुलाला घेऊन दर पंधरवड्याला नागपूर गाठणे कसे जमावे? शिवाय प्रस्थापित मत सांगत होते की या सौम्य आजारात इतक्या कडक औषधाची गरजच थोडी आहे.

दीप्ती जैन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. वर्षाकाठी तीन किंवा अधिक वेळा वेदनेचे झटके आलेली अथवा रक्त द्यावे लागलेली ६० मुले त्यांनी निवडली. वयाची अट ५ ते १८. काहींना हायड्रॉक्सियुरिया आणि काहींना औषधासारखे दिसणारे निष्क्रिय द्रव्य, कोणाला काय हे डॉक्टर व रुग्ण दोघांपासून गुप्त. मात्रा कमी आणि कायम तीच : शरीराच्या वजनाच्या दर किलोमागे रोज १० मिलिग्रॅम. दीड वर्षाने हिशेब मांडला तेव्हा औषध घेणाऱ्या मुलांतील वेदनेचे झटके वर्षाला सरासरी बारावरून एकाच्याही खाली आले होते. रक्त देण्याची आणि रुग्णालयात दाखल होण्याची वेळही क्वचितच येत होती. निष्कर्ष २०१२ मध्ये ‘हिमोग्लोबिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

वर्षाला बारा झटके, म्हणजे दर महिन्याला एक. चाचणी सुरू होण्यापूर्वी या मुलांची ही सरासरी होती. ग्रंथांतला सौम्य आजार तो हाच. आणि या मुलांच्या रक्तात ज्या गर्भीय हिमोग्लोबिनामुळे त्यांचा आजार सौम्य ठरवला गेला होता, ते औषधाने आणखी वाढले. मिटलेले जनुक ज्यांच्यात मुळातच किलकिले असते, त्यांना ते उघडायला बहुधा कमी जोर पुरतो, हा तर्क इथे सुसंगत वाटतो. त्याचा व्यवहारातला अर्थ फार मोठा होता : कमी मात्रा म्हणजे कमी विषारीपणा, कमी तपासण्या, कमी फेऱ्या, कमी खर्च.

त्याच सुमारास गॅमाचे जनुक नेमके मिटवतो कोण, हेही उलगडत होते. लंडन आणि सार्डिनिया येथील संशोधकांना हजारो लोकांच्या जनुकसंचांत बीसीएल११ए नावाचे जनुक गर्भीय हिमोग्लोबिनच्या पातळीशी निगडित आढळले. २००८ मध्ये बोस्टनला स्टुअर्ट ऑर्किन यांच्या प्रयोगशाळेतील विद्यार्थी विजय शंकरन याने दाखवले की या जनुकाचे प्रथिन कमी केले की मानवी पेशींत गॅमा पुन्हा सुरू होतो. हे प्रथिन गॅमाच्या अग्रभागी बसते आणि हिस्टोनांत फेरफार करणाऱ्या इतर प्रथिनांना तेथे बोलावून घेते. कुलूप आणि पहारेकरी, दोघेही सापडले. २०१३ मध्ये डॅनियल बाउअर आणि सहकाऱ्यांनी या जनुकाला तांबड्या पेशींच्या घराण्यातच चालू ठेवणारा डीएनएचा छोटा तुकडा शोधला. नेमका तोच तुकडा कापणारा जनुक-संपादन उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये आणि डिसेंबरात अमेरिकेत मंजूर झाला. अमेरिकेत त्याची जाहीर किंमत २२ लाख डॉलर. त्यात मज्जा रिकामी करणारी तीव्र रसायनोपचारपद्धतीही आली, जी मोजक्या रुग्णालयांतच शक्य आहे.

भारतातही हालचाल आहे. दिल्लीच्या जीनोमिक्स अँड इंटिग्रेटिव्ह बायोलॉजी संस्थेतील देबज्योती चक्रवर्ती आणि सौविक मैती यांच्या गटाने वेगळ्या जिवाणूपासून मिळवलेली, अधिक अचूक कापणारी कात्री २०१९ मध्ये जगापुढे मांडली. नोव्हेंबर २०२५ मध्ये बिरसा मुंडांच्या नावाने ‘बिरसा १०१’ हा देशी उपचार जाहीर झाला असून त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे सोपवले गेले आहे. त्याआधी, १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले : १७ राज्ये, चाळिशीपर्यंतच्या वयाचे सात कोटी लोक, २०४७ ची मुदत. आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत सिकलसेल आहे. कायद्याने तरी तो आता सौम्य राहिलेला नाही.

गर्भीय हिमोग्लोबिनची एक शेवटची खोड सांगायची राहिली. गावपातळीवर वापरली जाणारी विद्राव्यता चाचणी, जिच्यात रक्त गढूळ झाले की संशय घ्यायचा, ती नवजात बालकात फसते. जे हिमोग्लोबिन बालकाला सांभाळते, तेच आजार लपवतेही. म्हणून बालकाच्या टाचेला टोचून घेतलेले थेंब यंत्रावर तपासावे लागतात. नागपुरात हे काम झाले. दीप्ती उपाध्ये, दीप्ती जैन, रोशन कोला आदींनी सिकलसेल जनुक असलेल्या मातांची नवजात बालके तपासली, आजारी आढळलेल्या मुलांचा काही वर्षे पाठपुरावा केला आणि २०१६ मध्ये निष्कर्ष मांडले. काही मुले खरोखरच सुखरूप वाढत होती. काहींना मात्र पहिल्या एक-दोन वर्षांतच तीव्र रक्तक्षय, गंभीर संसर्ग आणि वेदनेचे झटके गाठत होते, आणि जन्माच्या दिवशी कोणते मूल कोणत्या वाटेने जाणार, हे गर्भीय हिमोग्लोबिनच्या आकड्यावरून सांगता येत नव्हते. त्यामुळे पेनिसिलिन आणि लसी सर्वांनाच सुरू करायच्या, आणि तेही दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून, मूल अजून पूर्ण निरोगी दिसत असताना.